'टीका' या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत 'टीका' हा मोठा चमत्कारिक शब्द आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका होय असे आपण म्हणतो तेव्हा त्या शब्दात आदर असतो, गुरूच्या पायांशी बसून अर्थ उकलण्याची वृत्ती असते. वर्तमानपत्राने अमक्या मंत्र्यावर टीका केली असे म्हणतो तेव्हा त्याच शब्दात दोषदर्शन असते, किंबहुना थोडा विखारही असतो. संस्कृत पंडितांच्या व्यवहारात टीका म्हणजे विवरण, एवढेच. मराठीने मात्र दोन्ही अर्थ एका घरात नांदविले, आणि बोलताना कोणाचा घोटाळा होत नाही. फ्रान्स देशात गेल्या शतकात पॉल रिकर नावाचा एक थोर तत्त्वज्ञ होऊन गेला. आपल्या या शब्दाची त्यास गंधवार्ताही नसेल. पण ह्या दोन अर्थांचे परस्परांशी नाते काय, याच प्रश्नावर त्याने आयुष्याची कित्येक वर्षे वेचिली असे म्हटल्यास ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

हा विषय काढण्याचे कारण असे की, लातूरच्या एका वाचकांनी मागे आम्हांस विचारिले होते: कॉलेजात शिकणारी त्यांची कन्या फेनॉमेनॉलॉजी आणि हर्मेन्यूटिक्स अशी दोन नावे घरी घेऊन आली आहे, ह्या वस्तू आहेत तरी काय, आणि घरातल्या माणसांस त्यांचा काही उपयोग आहे की नुसतेच परीक्षेचे ओझे? नावे जिभेस जड आहेत खरी. पहिलीस आम्ही रूपमीमांसा म्हणतो, दुसरीस अर्थमीमांसा. जी वस्तू अनुभवास येते ती जशी येते तशी न्याहाळून सांगणे ही पहिली. आणि जे लिहिले, बोलले वा केले गेले त्याचा अर्थ कसा लावावा याचा विचार ही दुसरी. दुसरीत आपले पूर्वज कोणासही हार जाणारे नव्हते हे पुढे दिसेलच.

रूपमीमांसेचा आद्य आचार्य एडमंड हुसर्ल. हा जर्मन भाषेत लिहिणारा, मूळचा गणिती. १९०० व १९०१ साली त्याचा तर्कशास्त्रावरील मोठा ग्रंथ दोन भागांत निघाला व तेथून ही चळवळ सुरू झाली. जाणीव कधी रिकामी नसते, ती नेहमी कशाची तरी जाणीव असते, हे त्याचे मुख्य सूत्र. ज्ञान हे सविषयकच असते असे आपले नैयायिक शतकानुशतके सांगत आले आहेत, त्यामुळे आमच्यासारख्या जुन्या वळणाच्या मनुष्यास हे ऐकून दचकावयास होत नाही. हुसर्लचे वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. वस्तू खरोखर आहे की नाही, ती कशाची बनली आहे, हे वाद क्षणभर बाजूस ठेवा, आणि ती मला कशी दिसते, कोणत्या अंगाने दिसते, दिसताना माझ्या मनाची काय हालचाल होते, एवढेच प्रामाणिकपणे सांगा, असे तो म्हणतो. हे बोलावयास सोपे, करावयास फार कठीण. हुसर्ल जन्माने ज्यू होता. १९३३ नंतर नाझी राजवटीने त्यास विद्यापीठाची दारे बंद केली. १९३८ साली तो वारला, आणि त्याची सुमारे ४० हजार पानांची हस्तलिखिते व्हॅन ब्रेडा नावाच्या एका ख्रिस्ती संन्याशाने जर्मनीबाहेर काढून बेल्जममधील लूव्हाँ येथे सुखरूप पोहोचविली. ज्ञानासाठी जिवावर उदार होणारी माणसे सर्व धर्मांत असतात.

फ्रान्सने हे रोप आपल्या मातीत लाविले. इमॅन्युएल लेव्हिनास याने १९३० साली हुसर्लवर प्रबंध लिहिला. पुढे सार्त्र आला. आणि १९४५ साली मॉरिस मेर्लो-पाँती याचा प्रत्यक्षज्ञानावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आम्हांस या सर्वांत मेर्लो-पाँती अधिक जवळचा वाटतो. त्याचे म्हणणे असे की, जगाशी आपली पहिली ओळख बुद्धीने होत नाही, देहाने होते. पंतोजींना हे कबूल करणे जड जाते; पण नांदेड जिल्ह्यात मृगाच्या पावसानंतर तिफण चाललेली ज्याने पाहिली आहे त्यास हे पटावयास पुस्तक नको. चाड्यावर मूठ धरून चालणाऱ्या बाईस, एका पावलास किती दाणे सुटावेत, असे विचारा. तिला सांगता येणार नाही. तिची बोटे मात्र चुकत नाहीत. तिफणीवर भार देणाऱ्यास फण किती खोल गेला हे डोळ्यांनी दिसत नाही, लाकडातून हातास कळते. त्या घटकेस तिफण ही त्याच्या हाताबाहेरची वस्तू राहत नाही, हातच जमिनीपर्यंत लांबतो. हे ज्ञानच होय, अडाणीपणा नव्हे, असे पॅरिसच्या एका प्राध्यापकाने भारदस्त ग्रंथात लिहून ठेविले, याचा आम्हांस मनापासून आनंद आहे.

तथापि या विचारास एक मर्यादा आहे, आणि ती आमच्या भागाने फार मोठी किंमत देऊन पाहिली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली, आणि ती बहुतांशी आपल्याच घरांच्या भिंतींखाली व माळवदांखाली गेली. जाड दगडी भिंत, दगडांत मातीचा गारा, वर लाकडांवर हातभर मातीचे छप्पर. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात ऊबदार. त्या घराशी माणसाच्या देहाची अशी ओळख होती की, म्हातारी अंधारात उठून दिवा न लावता रांजणापर्यंत जाई. मेर्लो-पाँतीस दाखवावे असे ते घर. परंतु त्याच भिंतीच्या आतला व बाहेरचा थर एकमेकांस सांधणारे आडवे दगड बहुतेक ठिकाणी घातलेले नव्हते. हादरा बसताच दोन थर फुटून अलग झाले आणि वरचा भार खाली आला. घरात राहून घर म्हणजे काय ते कळते, भिंतीत काय नाही ते कळत नाही. त्यासाठी भिंतीवर संशय घेणारा मनुष्य लागतो, तिचा दगड काढून पाहणारा.

पुढे नवी गावे वसली तेव्हा उलट बाजूची उणीव दिसली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची भक्कम घरे दिली गेली, रस्ते रुंद व सरळ आखले गेले, आणि गावाचा पसारा पूर्वीच्या कितीतरी पट झाला. भिंती पडणार नाहीत हे निश्चित झाले. पण वाड्याचे अंगण, ढेलज, दोन घरांमधला बोळ, ज्या ओसरीवरून शेजारणीस हाक मारिता येई ती ओसरी, यांस नकाशात खूण नसते. इंजिनिअरास दोष देण्याचे कारण नाही. त्याने जीव वाचविण्याचे काम केले आणि ते पहिले काम होते. परंतु लोकांची हळहळ हा केवळ भाबडेपणा होता असेही आम्ही म्हणणार नाही. कारणे सांगणे हे एक आणि अर्थ समजणे हे दुसरे. ही दोन कामे एकमेकांची वैरी नसून, कारणे अधिक सांगितली तर अर्थ अधिक चांगला समजतो, असा रिकरचा आग्रह होता. त्याच्याकडेच आता वळू.

पॉल रिकर १९१३ साली व्हालाँस येथे जन्मला. आई लवकरच गेली, वडील १९१५ साली महायुद्धात पडले. आजी-आजोबांनी व आत्याने त्यास रेन येथे वाढविले. १९४० साली दुसऱ्या युद्धात तो जर्मनांच्या हाती सापडला व पाच वर्षे कैदी छावणीत राहिला. तेथे त्याने केले काय? हुसर्लच्या एका ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर. कागद मिळेना म्हणून ते ग्रंथाच्याच समासात बारीक अक्षरांत लिहिले. १९५० साली ते छापून निघाले. ज्यांनी कैद केले त्यांच्याच भाषेतील ग्रंथ, आणि तोही त्यांनीच वाळीत टाकलेल्या ज्यू तत्त्वज्ञाचा! मंडालेच्या तुरुंगात १९१० व १९११ सालच्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिणाऱ्या लोकमान्यांचे स्मरण येथे कोणा मराठी माणसास होणार नाही? रिकरचे पुढील आयुष्य दीर्घ आणि फलद्रूप गेले. २००५ साली बाणव्या वर्षी तो वारला.

हुसर्लपासून निघून रिकर एका वेगळ्या वाटेस लागला. स्वतःकडे टक लावून पाहिले म्हणजे स्वतःची ओळख पटते, हे त्यास मान्य नव्हते. मनुष्य स्वतःस ओळखतो तो वळसा घेऊन: प्रतीकांतून, पुराणकथांतून, ग्रंथांतून, इतरांनी सांगितलेल्या गोष्टींतून. मग या सर्वांचा अर्थ लावणे आलेच. आणि येथे त्यास दोन वृत्ती दिसल्या. एक श्रद्धेची: ग्रंथात काही सांगणे आहे, ते ऐकून घ्यावे. दुसरी संशयाची: ग्रंथ जे बोलतो त्यामागे न बोललेले काही दडले आहे, ते उघडे करावे. मार्क्सने त्यामागे वर्गाचा स्वार्थ पाहिला, नीत्शेने सत्तेची इच्छा, फ्रॉइडने दडपलेली वासना. या तिघांस रिकरने संशयाचे आचार्य ठरविले, आणि १९६५ साली फ्रॉइडवर मोठा ग्रंथ लिहून त्या संशयास पुरता वाव दिला. तो स्वतः श्रद्धावान प्रॉटेस्टंट होता हे ध्यानी घेतले म्हणजे त्याचे धैर्य कळते. त्याचा निर्णय असा की, संशयाच्या अग्नीतून न गेलेली श्रद्धा कच्ची, आणि संशयापाशीच थांबलेला वाचक उपाशी. मराठीत सांगावयाचे तर टीकेचे दोन्ही अर्थ हवेत.

आमच्या संस्कृत वाचकांस रिकरचे एक मत विशेष रुचेल. लेख एकदा लिहिला गेला म्हणजे तो लेखकाच्या हातून सुटतो, असे तो म्हणतो. बोलणाऱ्यास 'तुझ्या मनात काय होते' असे विचारिता येते; ग्रंथास तसे विचारिता येत नाही, आणि विचारण्याची गरजही नाही. ग्रंथ जे जग आपल्यापुढे उभे करितो त्यात अर्थ शोधावयाचा, कर्त्याच्या डोक्यात नव्हे. पूर्वमीमांसकांनी वेद अपौरुषेय ठरविला त्यात हीच युक्ती टोकापर्यंत गेली आहे. कर्ताच नाही म्हटल्यावर कर्त्याच्या मनाचा प्रश्न मिटतो. उरतो तो शब्द, त्याचे प्रकरण, त्याचे सामर्थ्य. म्हणून उपक्रम व उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ही तात्पर्य ठरविण्याची सहा चिन्हे त्यांनी सांगून ठेविली. टिळकांनी गीतारहस्याच्या आरंभी याच कसोट्या हाती घेतल्या. एका ग्रंथाचे अनेक अर्थ संभवतात, पण सर्व सारखेच खरे नसतात, न्यायालयात दोन पक्ष मांडावेत तसे ते तोलावे लागतात, हे रिकरचे म्हणणे आणि पूर्वपक्ष व सिद्धान्त मांडणारे आपले अधिकरण यांत अंतर फारसे नाही.

उदाहरण घ्यावयाचे तर गीतेच्या अठराव्या अध्यायातील सहासष्टावा श्लोक घ्यावा. सर्व धर्म टाकून मला शरण ये, असे भगवंत तेथे सांगतात. धर्म टाकावयाचा म्हणजे काय? शंकराचार्य म्हणतात, येथे धर्म शब्दात अधर्मही घ्यावा, कारण विवक्षित आहे ते नैष्कर्म्य. रामानुज म्हणतात, कर्म टाकावयाचे नाही, त्याचे फल व कर्तेपण टाकावयाचे. ज्ञानेश्वरांच्या मते धर्म व अधर्म दोन्ही अज्ञानातून उपजतात, ते अज्ञानच टाकावे व ऐक्य जाणावे. टिळक म्हणतात, मोक्षाची म्हणून जी नाना साधने सांगितली आहेत त्यांच्या घोळात पडू नकोस, मला शरण येऊन आपले कर्म कर. शब्द तेच, अर्थ चार. शाळेत संस्कृत शिकविताना आम्ही मुलांस अन्वय नीट लाव म्हणत असू; अन्वय चौघांचाही नीटच आहे! भांडण अन्वयाच्या पलीकडचे आहे.

या भांडणात नांदेडचा वाटा मोठा आहे, हे नांदेडकरांसही पुष्कळदा ठाऊक नसते. सतराव्या शतकातील वामन पंडितांनी गीतेवर सुमारे २२ हजार ओव्यांची टीका लिहिली. परंपरा त्यांस नांदेडच्या शेषे कुळातील मानते. हा वामन आणि आख्याने रचणारा वामन एकच की वेगळे, याविषयी विद्वानांत जुना वाद आहे, त्यात आम्ही शिरत नाही. टीकेचे नाव पाहा: यथार्थदीपिका. १२९० साली नेवासे येथे झालेल्या ज्ञानेश्वरीचे मूळ नाव भावार्थदीपिका. तिच्यासमोर हे नाव ठेवणे म्हणजे नावातच पूर्वपक्ष आणि सिद्धान्त मांडणे होय. भाव पुष्कळ सांगून झाला, आता शब्द काय म्हणतो ते पाहू, असा त्यातला ध्वनी आहे. महाराष्ट्राने कौल भावार्थास दिला, हे उघड आहे. पारायणे ज्ञानेश्वरीची होतात, यथार्थदीपिका कपाटात राहते. आमचाही जीव ज्ञानेश्वरीतच रमतो. पण शब्दावर बोट ठेवून बसणारा एखादा वामन प्रत्येक पिढीत लागतो, नाही तर भावार्थाच्या नावाखाली वाटेल तो अर्थ खपतो, आणि अलीकडे कीर्तनांतून तो किती खपतो हे आम्ही ऐकतच आहोत. शेषे कुळाची एक शाखा काशीस प्रसिद्धीस आली. त्या घराण्यातील शेषकृष्णाने व्याकरणावर टीका लिहिली, त्याच्याच शिष्याने, भट्टोजी दीक्षिताने, ती खोडून काढिली, आणि गुरुघराण्याच्या कैवाराने जगन्नाथ पंडिताने भट्टोजीवर जो प्रतिग्रंथ लिहिला त्याचे नाव कुटुंबात वाचावयाच्या मासिकात छापण्याजोगे नाही. टीका शब्दाचा दुसरा अर्थ काशीतच उपजला असावा की काय, असा आम्हांस कधी कधी संशय येतो.

आता ज्यांस हे सर्व पंडितांचे चोचले वाटतात त्यांच्यासाठी एक गोष्ट. लातूरच्या दक्षिणेस, बिदर जिल्ह्यात, कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा व ते एकाच हैदराबाद राज्यात होते. तेथे सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या काळी, अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधीस, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. सपिंड या शब्दातील पिंड म्हणजे काय, असा प्रश्न तेथे आला. श्राद्धात देतात तो भाताचा पिंड, असे कोणीही म्हणेल. विज्ञानेश्वराने म्हटले, पिंड म्हणजे शरीर. ज्यांच्या देहात समान पूर्वजाचे अंश आहेत ते सपिंड. बंगालमध्ये दायभागकर्त्या जीमूतवाहनाने श्राद्धाचा पिंड धरिला. एका शब्दाच्या या दोन अर्थांमुळे वारसांचा क्रम बंगालात एक व उर्वरित हिंदुस्थानात बहुतेक ठिकाणी दुसरा, असे कित्येक शतके चालले. त्याबरोबर मिताक्षरेने असेही धरिले की, वडिलार्जित धनावर मुलाचा हक्क बापाच्या मरणाने उत्पन्न होत नाही, जन्मानेच होतो. अशा अडथळ्यावाचून येणाऱ्या वारशास तिने अप्रतिबंध दाय म्हटले. घरोघरच्या जमिनी, वाडे, भांडणे, विधवांचे अन्नवस्त्र, सारे या टीकेवर तोलले गेले. टीका म्हणजे केवळ पोथीचा समास नव्हे, हे यावरून दिसावे.

संशयाने वाचणारा मनुष्य आमच्याच नांदेडने दिला. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) हे तेथील पीपल्स कॉलेजचे प्राध्यापक व पुढे प्राचार्य. भरताच्या नाट्यशास्त्राचा त्यांचा व्यासंग दांडगा. आणि मनुस्मृतीवरील त्यांची व्याख्याने पुस्तकरूपाने आहेत, ती ज्यांनी वाचली नसतील त्यांनी अवश्य वाचावी. त्यांत मनूस शिव्या नाहीत, आणि मनूची वकिलीही नाही. या व्यवस्थेचा लाभ कोणास झाला व भार कोणी वाहिला, असे ते ग्रंथासच विचारतात. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घराण्यांस तो लाभ झालेला आहे, हे वाचताना टोचते. टोचावे म्हणूनच त्यांनी लिहिले आहे. विरोधक असून ग्रंथ इतका बारकाईने वाचणारा मनुष्य आम्ही दुसरा पाहिला नाही, आणि ग्रंथाचा अभिमान मिरविणाऱ्यांपैकी किती जणांनी तो इतका वाचला असेल, हे आम्ही वाचकांवर सोपवितो.

आमच्या लातूरच्या वाचकांच्या कन्येस कदाचित हेही ठाऊक असेल. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीस मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद ठरविण्यात आले. मग प्रश्न निघाला की, त्या दिवशी बाप हयात नसेल तर? २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठाने म्हटले, बाप त्या दिवशी जिवंत असला पाहिजे. ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, कायद्याचे अक्षर एकही न बदलता, तो अर्थ चुकीचा ठरविला: हक्क जन्माने येतो तर बाप त्या दिवशी होता की नव्हता हे पाहण्याचे कारण नाही. या निर्णयात न्यायालयाने आधारास घेतला तो मिताक्षरेचाच अप्रतिबंध दाय. विज्ञानेश्वराने कल्याणीस बसून तो शब्द योजिला, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मुलगे आणि नातू एवढेच होते.